ज्युलिया घ्यावी की फुल्विया? दोन जुन्या इटालियन कूपे शेजारी उभ्या करून कशा तपासायच्या

गेल्या हिवाळ्यात एका मित्राचा फोन आला. "अल्फा घेऊ की लान्चा? एका शब्दात सांग." मी ट्युरिनमध्ये राहतो, म्हणजे लान्चाच्या माहेरी. त्यामुळे माझं उत्तर त्यानं गृहीत धरलेलं होतं. मी म्हटलं, "जिचा पत्रा शाबूत असेल ती." तो वैतागला. मग आम्ही चार शनिवार काढले, दोन्ही जातींच्या मिळून सात गाड्या पाहिल्या, आणि त्यातल्या दोन शेवटपर्यंत उरल्या: १९७०ची अल्फा रोमिओ १७५० जीटी व्हेलोचे, म्हणजे ज्युलिया घराण्यातलीच कूपे, आणि १९७२ची लान्चा फुल्विया कूपे १.३ एस. त्या चार शनिवारांत जी पद्धत बसली तीच इथे क्रमानं मांडतो. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक तो उलटा धरतात: आधी आवाज ऐकतात, मग चालवतात, मग प्रेमात पडतात आणि शेवटी गाडीखाली वाकून बघतात.

आधी दोघींची कुंडली

कागदावर या जुळ्या बहिणी वाटतात. दोन दारं, चार सिलिंडर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, वजन साधारण टनाच्या आसपास. ज्युलिया जीटीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३५० मिलिमीटर, फुल्विया कूपेचा २३३०. फरक फक्त दोन सेंटिमीटरचा. पण डोकी अगदी वेगळी.

ज्युलिया स्प्रिंट जीटी १९६३च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टला आली. रेखाटन बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे काम करणाऱ्या ज्योर्जेत्तो ज्युजारोचं, तेव्हा तो जेमतेम पंचविशीतला. इंजिन उभं, मागची चाकं ओढणारं, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, वर दोन कॅमशाफ्ट, खाली पाच गिअर. मागे साधा सलग ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग. यात जगावेगळं काहीच नाही. सगळं नेटकं आणि एकमेकांना शोभेसं केलेलं.

फुल्विया कूपे १९६५ची. लान्चाच्याच पिएरो कास्तान्येरोनं ती काढली. लान्चानं त्या काळात आपल्या गाड्यांना रोमन रस्त्यांची नावं दिली होती: अप्पिया, फ्लामिनिया, फ्लाव्हिया, फुल्विया. हिचं इंजिन म्हणजे खरं कोडं. व्ही आकाराचे चार सिलिंडर, पण दोन ओळींमधला कोन इतका चिंचोळा, तेरा अंशांहूनही कमी, की चारही सिलिंडरांना मिळून एकच हेड पुरतं. एक कॅमशाफ्ट आतल्या हवेच्या व्हॉल्व्हचा, दुसरा धुराच्या व्हॉल्व्हचा. हे सगळं पंचेचाळीस अंशांत एका कुशीवर झोपवलेलं, आणि ताकद पुढच्या चाकांना. बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा बघणारा माणूस क्षणभर गप्प होतो. आमचा मित्र झाला. अल्फाच्या बॉनेटखाली मात्र त्याचा हात लगेच कार्ब्युरेटरकडे गेला. लहानपणी वडिलांच्या पद्मिनीत त्यानं हेच बघितलं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मूळची फियाट ११००, तेव्हा ही ओळख काही खोटी नाही.

नेमकी कुठली आवृत्ती, ते ठरवा

'मला ज्युलिया हवी' हे वाक्य अपुरं आहे. सुरुवातीच्या गाड्यांना बॉनेटच्या पुढच्या टोकाला एक पायरी असते; इटालियन लोक तिला 'स्कालिनो' म्हणतात. १९६७च्या १७५०पासून मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचं नाक सपाट झालं आणि दिवे दोनाचे चार झाले. १३०० ज्युनिअरवर पायरी आणखी काही वर्षं टिकली. इंजिनं १२९०, १५७०, १७७९ आणि १९६२ सीसीची. १९७१ला आलेली २००० सर्वांत ताकदवान, १३०० ज्युनिअर सर्वांत हलक्या खिशाची. माझं मत विचाराल तर १७५०. ताकद १२० अश्वशक्तीच्या आसपास, पण इंजिन २०००पेक्षा खुशीनं फिरतं. अमेरिकेतून परत आलेली १७५० किंवा २००० दिसली तर कार्ब्युरेटरऐवजी तिला स्पिकाचं यांत्रिक इंजेक्शन असू शकतं. ते वाईट नाही, पण ते जाणणारा मेकॅनिक आधी शोधा, गाडी नंतर.

फुल्वियात १९७०ची दुसरी मालिका हा मोठा टप्पा. १९६९ला फियाटनं लान्चा ताब्यात घेतली आणि त्यानंतरच्या गाड्यांना पाच गिअर आणि वेगळे ब्रेक आले. जुन्या लान्चाचे भक्त पहिल्या मालिकेवर जीव टाकतात; कारागिरी तिचीच सरस, हे मलाही मान्य आहे. रोज चालवायची असेल तर मात्र पाच गिअर घ्या. चार गिअरची फुल्विया महामार्गावर बिचारी धापा टाकते.

उरल्या राजघराण्यातल्या. अल्फाची जीटीए, म्हणजे पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेली गाडी. आणि फुल्वियाची १.६ एचएफ, जिच्यातल्या पहिल्या मोठ्या दिव्यांच्या गाडीला 'फानालोने' म्हणतात. १९७२च्या माँटे कार्लो रॅलीत सांद्रो मुनारी आणि मारिओ मान्नुच्चीनं फुल्विया एचएफच पुढे काढली होती. या दोन्हींच्या किमती वेगळ्याच आभाळात, म्हणून नकलाही भरपूर. साध्या गाडीला मोठे दिवे आणि काळं बॉनेट लावायला दोन दिवस पुरतात. हा लेख त्या गाड्यांसाठी नाही. तरी कुणी 'स्वस्तात फानालोने' म्हणून बोलावलं तर एक लोहचुंबक खिशात ठेवा: फानालोनेची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं. चुंबक चिकटला तर चहा पिऊन परत या.

निघण्यापूर्वी

विक्रेत्याला फोनवर दोनच गोष्टी सांगायच्या. मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आणि जवळ लिफ्ट असलेलं गॅरेज सांगा, भाडं मी देतो. दुसऱ्या गोष्टीवर जो आढेवेढे घेतो, त्याच्याकडे जाण्याचं पेट्रोल वाचतं. सोबत चुंबक, हातातली बॅटरी (टॉर्च), छोटा आरसा, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर आणि जुने कपडे. चांगले कपडे घातलेला माणूस गाडीखाली जात नाही, हे विक्रेते बरोबर ओळखतात.

पत्रा: इथे दोन तास द्या

या दोन्ही गाड्यांत इंजिन पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स पुन्हा बांधता येतो. सडलेली बॉडी सरळ करायला मात्र गाडीच्या किमतीएवढा पैसा सहज जातो. त्या काळच्या इटालियन पत्र्याला गंजरोधक संस्कार फारसे नव्हतेच. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी पहिली फुल्विया मी ताज्या लाल रंगाला भुलून घेतली. विकणारा गोड बोलणारा होता आणि मी लिफ्टचं नाव काढलं नाही. सहाव्या महिन्यात दाराखाली रंगाला फोड आले. फोड फोडला तर आत लांबी, म्हणजे रंगाआधी भरतात ती पुट्टी, लांबीच्या आत जाळी, आणि जाळीच्या आत काहीच नाही.

पहिल्यांदा गाडीपासून दहा पावलं लांब उभं राहून बाजूची रेघ बघा. दाराच्या चारही बाजूंची फट सारखी आहे का? दार उघडून किंचित वर उचला. बिजागरीत खेळ असणं आणि खांबच सैल असणं यातला फरक हाताला कळतो. मग चुंबक: मडगार्डच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, दाराचा तळ. जिथे पकड अचानक ढिली होते तिथे खाली लांबी आहे.

आता लिफ्ट. आमच्या अल्फाच्या वेळी शहराबाहेरच्या एका लहान गॅरेजातला सत्तरीचा मेकॅनिक सोबत होता. त्यानं बॅटरीसुद्धा मागितली नाही. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या लाकडी मुठीनं दाराखालच्या पेटीवर पुढून मागे ठोके देत गेला. टण. टण. टण. मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे: थप. पुन्हा तिथेच: थप. "इथे पत्रा नाही, कुणाची तरी आशा आहे," तो म्हणाला आणि हात पुसत बाजूला झाला. विक्रेता फोनवर बोलायला बाहेर गेला.

ज्युलियात ही दाराखालची पेटी एकावर एक पत्र्यांच्या थरांची असते. बाहेरचा थर नवा लावून आतले दोन कुजके ठेवणं ही जुनी चलाखी आहे. म्हणून बाहेरून दिसणारं वेल्डिंग किती सुबक यावर जाऊ नका, आवाजावर जा. त्याखेरीज जॅक लावायच्या जागा, पायाखालची जमीन, रेडिएटरखालचा आडवा पत्रा, काचेचा खालचा कोपरा आणि डिकीत स्टेपनीची खोलगट जागा. स्टेपनी उचलून बघा; तिथे पाणी साचतं आणि तिथेच गाडी खरं बोलते.

फुल्वियात एक वेगळी आणि जास्त गंभीर जागा आहे. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचं सस्पेन्शन एका स्वतंत्र सबफ्रेमवर बसवलेलं असतं, आणि ती सबफ्रेम बॉडीला बोल्टांनी जोडलेली असते. ज्या ठिकाणी हे बोल्ट बॉडीत शिरतात तिथला पत्रा कुजला की सगळं पुढचं धूड कागदावर टांगल्यासारखं होतं. आरसा आणि बॅटरी इथेच वापरायची. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला धरतात ती जागाही तशीच. या दोन जागा खणखणीत असतील तर फुल्वियाच्या बाकीच्या गंजाला मी फार भीत नाही. त्या दोन गेल्या असतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

थंड इंजिन

बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर विक्रेत्यानं तुमचं ऐकलेलं नाही. तेलाची कांडी काढा, रेडिएटरचं झाकण काढा. अल्फात हे फार गरजेचं, कारण तिचं हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, आणि त्यातल्या तेलाच्या वाटांभोवतीच्या रबरी रिंगा हे दुखणं सर्वांना ठाऊक आहे. पाण्यावर तपकिरी तवंग दिसला, किंवा तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट चिकटा दिसला, तर हेड उतरवायचा खर्च आत्ताच किमतीतून वजा करा. थंडीत फक्त चार गल्ल्या फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली थोडा ओलावा येतोच. म्हणून दोन्ही बघायचं, एकट्या झाकणावर निकाल द्यायचा नाही.

मग सेल्फ मारा. अल्फा एक-दोन दम घेऊन सुरू होते आणि थोडी कुरकुरते. फुल्विया सुरू झाल्यावर आवाज जरा तिरपा, अडखळता वाटतो. व्ही-फोरचा स्वभाव तो, बिघाड नाही. चेनचा खडखडाट क्षणभर आला आणि तेल चढताच गेला तर ठीक. गरम झाल्यावरही राहिला तर चेन आणि तिचा ताण धरणारा भाग बघावा लागेल, आणि फुल्वियाचं इंजिन उघडणं हे दर गल्लीतल्या मिस्त्रीचं काम नाही. वीस मिनिटं चालवल्यावर तेलाचा दाब बघा. वेगात साडेतीन-चार बार असेल तर निर्धास्त राहा. जागेवर उभी असताना काटा खाली येतो, त्यानं घाबरू नका.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो ते, मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांत आहेत का, ते बघा.

एकच रस्ता, दोन गाड्या

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. आम्ही सास्सीपासून सुपेर्गाच्या टेकडीवर जाणारा रस्ता धरला. चढ, वळणं, खडबडीत डांबर, आणि उतारावर ब्रेकची परीक्षा. एक गाडी रविवारी गुळगुळीत महामार्गावर आणि दुसरी पुढच्या शुक्रवारी गर्दीत चालवलीत तर तुलना होते ती रस्त्यांची.

अल्फाची पहिली परीक्षा पहिल्या दोन मिनिटांतच घ्यायची, गिअरबॉक्स थंड असताना: पहिल्यातून दुसऱ्यात जरा घाईनं टाका. कर्रर्र झालं तर दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर न खरखरता जुळवणारा भाग, थकलाय. जवळजवळ सगळ्याच थकतात, त्यामुळे हा सौदा मोडायचं कारण नाही, घासाघीस करायचं आहे. पुढे मात्र ती गाडी माणसाला हसवते. गिअरचा दांडा तिरपा पुढे आलेला, पेडल जमिनीतून वर उगवलेली, हात लांब करून बसायचं. वळणात ती बरीच झुकते आणि तरी चाकं काय म्हणतायत ते पाठीला नेमकं कळतं. साडेतीन हजार फेऱ्यांच्या वर इंजिन गायला लागतं, आणि मग रस्ता संपू नये असं वाटतं.

फुल्विया पार्किंगमधून काढताना माझा मित्र म्हणाला, "हे स्टिअरिंग आहे की जातं?" खरंच जड आहे. वीसच्या वर वेग गेला की ते विरघळतं. खांब बारीक, काचा मोठ्या, समोर लाकडाचा सपाट डॅशबोर्ड. आतून गाडी बाहेरून दिसते त्याहून मोठी वाटते. वळणात पुढची चाकं तुम्हाला ओढून नेतात. ॲक्सिलरेटर सोडला तर नाक आत येतं, दाबला तर बाहेर जातं. ताकद नव्वद अश्वशक्ती, म्हणजे अल्फापेक्षा तीसेक कमी, पण ओल्या उतारावर मी फुल्वियातच जास्त निवांत होतो. दोन्ही गाड्यांत मोकळ्या सरळ रस्त्यावर हात सैल सोडून जोरात ब्रेक मारा. एका बाजूला ओढली तर एखादा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारा ब्रेकचा चिमटा, अडकलेला आहे. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या फुल्वियात मागचे ब्रेक हमखास असे धरून बसतात.

टायरच्या कडेवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा: आठवडा आणि वर्ष. दहा वर्षांपूर्वीचा टायर नव्यासारखा दिसला तरी नवा धरू नका.

कागद

इटलीत गाडीबरोबर 'लिब्रेत्तो', म्हणजे नोंदणीचं पुस्तक, आणि मूळची काळी नंबरप्लेट असेल तर तिचं मोल वाढतं. १९८५पर्यंतच्या प्लेटा काळ्या असायच्या. काळी प्लेट टिकलेली गाडी बहुधा त्याच प्रांतात नांदलेली असते. जुन्या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या आसी या संस्थेचं ऐतिहासिक महत्त्वाचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम, पण ते पत्र्याची हमी देत नाही, हे नीट ध्यानात ठेवा.

चॅसीवरचा आणि इंजिनावरचा नंबर स्वतः वाचा, विक्रेत्यानं काढलेल्या फोटोवर विसंबू नका. अल्फाच्या ब्लॉकवरचा नंबर इंजिनाची जात सांगतो: ००५४८ म्हणजे १७५०, ००५१२ म्हणजे २०००, ००५३० म्हणजे १३०० ज्युनिअर. १३००च्या गाडीत २०००चं इंजिन घालून फिरणारे खूप आहेत. चालवायला मजा येते, संग्रहासाठी मात्र ती गाडी दुय्यम ठरते. शंका असेल तर आरेझेच्या अल्फा संग्रहालयाच्या दप्तरातून त्या चॅसी नंबरची मूळ माहिती मागवता येते: कुठल्या रंगात, कधी बनली. आमच्या १७५०चा मूळ रंग लाल नव्हताच, हे तिथूनच कळलं.

पैशाचा हिशेब

सारख्या अवस्थेतली साधी फुल्विया १७५०पेक्षा स्वस्त मिळते. त्यावर हुरळून जाऊ नका. अल्फाचं जवळपास सगळं नव्यानं बनतं: पत्रे, रबर, पिस्टन, लायनर. कुठल्याही मोठ्या युरोपीय शहरात तिचा जाणकार सापडतो. फुल्वियाचे यांत्रिक भाग मिळतात, पण क्रोमच्या पट्ट्या, आतली बटणं, दिव्यांच्या कडा यांसाठी बाजार धुंडाळावे लागतात. ऑक्टोबरात बोलोन्याला भरणाऱ्या ऑटो ए मोतो देपोकासारख्या जत्रेत लोक एका मुठीएवढ्या तुकड्यासाठी दिवसभर हिंडताना दिसतात. म्हणून फुल्विया घेताना अपुरी गाडी घेऊ नका. इंजिन बंद पण सगळे तुकडे जागेवर, हे इंजिन सुरू पण निम्मे तुकडे खोक्यात यापेक्षा केव्हाही बरं.

हिशेब साधा ठेवा. कागदाच्या डाव्या बाजूला मागितलेली किंमत, त्याखाली पत्र्याचं काम, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, टायर, रबर. प्रत्येकाचा अंदाज त्या कामाच्या माणसाकडूनच घ्या. उजवीकडे दुसऱ्या गाडीचं तेच. खालची बेरीज ही खरी किंमत. आमच्याकडे महाग वाटणारी फुल्विया या बेरजेत अल्फाच्या खाली आली, केवळ त्या 'थप'मुळे.

पुण्या-मुंबईला न्यायची असेल तर

पूर्वी भारतात १९५०च्या आधीच्याच गाड्या अशा आयात करता येत. आता पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वाट मोकळी झाली आहे. या दोन्ही गाड्यांचं उत्पादन १९७६च्या सुमारास थांबलं, म्हणजे जवळजवळ सगळ्या त्यात बसतात. कर जबर आहे, आणि उजवं की डावं स्टिअरिंग याची चौकशी पैसे देण्याआधी कस्टम्स आणि आरटीओ दोन्हीकडे करा. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वगैरेंसाठी रस्त्यावर काढता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: आपल्याकडचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आतून खातं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालूनच पहिली टाकी भरा.

पहिला महिना

मित्रानं फुल्विया घेतली. पहिल्याच आठवड्यात त्यानं इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल, ब्रेकचं द्रव, रेडिएटरचं पाणी, सगळे पट्टे आणि नळ्या बदलल्या. मागच्यानं 'नुकतंच केलंय' असं सांगितलं होतं तेसुद्धा. चारही कॅलिपर उघडले, मागचा डावा अडकलेलाच निघाला. गाडीत एक वही ठेवली: दर भरणीला किलोमीटर, लिटर, तेलाची पातळी. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा लिफ्टवर, पुन्हा त्याच मेकॅनिककडे. म्हातारा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ सबफ्रेमच्या प्रत्येक बोल्टाजवळ ठोकत फिरला. प्रत्येक वेळी टण. डिकीच्या झाकणावरची क्रोमची एक पट्टी तेवढी अजून मिळायची आहे.